न कापलेली पाने आणि माझी सही

पनवेलच्या बाजारात अजूनही एखादी कोळीण टोपलीवरचा हात थांबवून विचारते, "पुस्तकांच्या बाई ना तुमी?" मी हो म्हणते. मराठीच्या बाई असं मला कुणीच म्हणत नाही. सारी नोकरी व्याकरण शिकवण्यात गेली आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते माझं कपाट. याचं पूर्वी वाईट वाटायचं, आता वाटत नाही. व्याकरण आठवून कोण कुणाला बाजारात थांबवणार?

ग्रंथालय माझ्याकडे आलं ते माझ्या आवाजामुळे. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांत मी शाळेत लागले. तेव्हा रेल्वे पनवेलला यायची होती, खारघर म्हटलं की डोंगर डोळ्यांपुढे येई, आणि साठ मुलांच्या वर्गात माझा आवाज चौथ्या बाकापर्यंत जेमतेम पोचे. हेडमास्तरांनी दारात उभं राहून दोन तास ऐकले आणि म्हणाले, "टिपणीस बाई, ग्रंथालय तुम्ही घ्या. तिथे आवाज लागत नाही." ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, एक लोखंडी पेटी आणि एक डुगडुगणारं टेबल. पण हेडमास्तरांचा त्या दोन कपाटांवर वर्गांपेक्षा जास्त जीव होता.

त्यांचा एक नियम होता. कोणतंही पुस्तक शिक्षकानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कपाटात जायचं नाही. वाचून झालं की आतल्या कोऱ्या पानावर लिहायचं, "वाचले. मुलांना देण्यास हरकत नाही," आणि खाली सही. शिवाय एक लांबलचक वही होती. तीत पुस्तकाचं नाव, वाचणाऱ्याचं नाव आणि शेरा असे तीन रकाने. सरकारची मंजूर यादी येई, ती वेगळी. हेडमास्तर म्हणत, "यादी करणाऱ्याला आपली मुलं कुठे माहीत आहेत? आपल्याला माहीत आहेत." वाचायचं काम माझ्याकडे आणि संस्कृतच्या शास्त्री सरांकडे. शास्त्री सर पुस्तक डोळ्यांशी इतकं जवळ धरत की ते वाचतात की हुंगतात असा प्रश्न पडावा. त्यांचा शेरा नेहमी दोन शब्दांचा असे, "बरे आहे" किंवा "नको आहे". मला मात्र शेरे लिहायची हौस. "भाषा ओघवती, विचार उन्नत" वगैरे. ही हौस पुढे मला भोवली.

क्रमिक पुस्तकंही तेव्हा शाळाच निवडी. सरकार एकेका विषयाची पाच-सहा पुस्तकं मंजूर करी आणि त्यातलं कुठलं लावायचं ते आम्ही ठरवायचं. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचे एजंट एसटीनं येत. हातात पत्र्याची ट्रंक, तीत नमुन्याच्या प्रती. एका एजंटाच्या ट्रंकेतून पुस्तकाच्या आधी आंबाबर्फीचा खोका निघाला. शास्त्री सरांनी दोन वड्या शांतपणे खाल्ल्या, धोतराला हात पुसले, पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "बर्फी उत्तम. पुस्तकात अशुद्ध फार." एजंटानं उरलेली बर्फी परत ट्रंकेत ठेवली. त्याचं मला फार हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण माझी वडी राहिली होती.

माझी स्वतःची एक पद्धत होती. नमुन्याच्या प्रतीतला एक धडा मी वर्गात एखाद्या मुलाकडून वाचून घेई. मोठ्यांना पुस्तक आवडतं ते मुखपृष्ठावरून. मुलं मात्र ऐकता ऐकता चुळबुळायला लागली की समजावं, हे पुस्तक चालणार नाही. अशीच एकदा आठवीत भूगोलाच्या नव्या पुस्तकातला मिठाचा धडा वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं की समुद्राचं पाणी मोठमोठ्या कढयांत उकळून मीठ काढतात. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. काळीसावळी, वेण्या घट्ट बांधलेल्या, पायाला वाळलेला चिखल. जानकी म्हात्रे. खाडीकडच्या गावातून बांधावरून चालत यायची.

"बाई, आमचे आगरान कोनी मीठ उकलत नाय," ती म्हणाली. "भरतीचा पानी आत घेताव नि बांद घालताव. मंग ऊन काय ता करतं."

वर्ग हसला. ती नाही हसली. खाली बसली आणि समोर बघत राहिली, जणू तिनं शंका काढलीच नव्हती, एक चूक दुरुस्त केली होती. ते पुस्तक आम्ही लावलं नाही. एजंट काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, एवढ्याशा मिठासाठी?" मी म्हटलं, "आमच्या शाळेतली अर्धी मुलं त्या एवढ्याशा मिठावर जगतात."

त्या दिवसापासून जानकी माझ्या कपाटाची झाली. दर शनिवारी एक पुस्तक नेई आणि पुढच्या शनिवारी परत आणी. पुस्तक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं, कारण भरतीच्या वेळी बांधावर पाणी उडायचं. परत देताना मी विचारी, "कसं होतं?" ती एका वाक्यात सांगे, आणि ते वाक्य माझ्या चार ओळींच्या शेऱ्यापेक्षा नेमकं असे. अशी ती अकरावीपर्यंत आली. अकरावी म्हणजे तेव्हाचं मॅट्रिक. तिच्या गावातली एकही मुलगी तोवर मॅट्रिकला बसलेली नव्हती.

आता माझ्या चुकीकडे येते. फार वेळ टाळलं.

त्या काळी काही प्रकाशकांची पुस्तकं कडा न छाटताच येत. सोळा पानांचा कागद घडी घालून शिवलेला असे आणि वाचणाऱ्यानं घड्या कापत कापत पुढे जायचं. यासाठी आमच्या गणू शिपायानं बांबूची एक पातळ कामटी तासून दिली होती. सुरीपेक्षा ती बरी, पान फाटत नसे. त्या वर्षी दिवाळीनंतर चाळीस नवीन पुस्तकांचं पार्सल एसटीच्या टपावरून उतरलं, आणि आठ दिवसांत इन्स्पेक्टरसाहेबांची वार्षिक तपासणी येणार असल्याचं पत्र त्याच दिवशीच्या टपालानं आलं. इन्स्पेक्टर कपाट उघडून बघत. पुस्तकं पेटीत पडलेली दिसली असती तर हेडमास्तरांची मान खाली गेली असती. शास्त्री सरांनी त्यांच्या वाटणीची वाचली, डोळे लाल करून घेतले. मी वाचत गेले, वाचत गेले, आणि शेवटच्या संध्याकाळी माझ्यापुढे अजून अकरा पुस्तकं होती. त्यांवर मी न वाचता सह्या केल्या.

त्यातलीच एक कादंबरी. कामटी सापडेना म्हणून मी केसातला आकडा काढून पहिल्या सोळा पानांच्या घड्या कापल्या. उभ्या उभ्याच ती पानं वाचली. एक सोशिक सून, एक कडक सासू. बाकीचं मी मनानंच पुरं केलं आणि वहीत लिहिलं, "कौटुंबिक जीवनाचे हृद्य चित्रण. शेवट उद्बोधक आहे." शेवट! मी ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. तपासणी छान झाली. इन्स्पेक्टरसाहेबांनी शेऱ्यांचं कौतुक केलं आणि मी ते निर्लज्जपणे ऐकून घेतलं.

जानेवारीत एका शनिवारी ती कादंबरी जानकीनं नेली. सोमवारी अप्पासाहेब शाळेत आले.

अप्पासाहेब म्हणजे भाताच्या गिरणीचे मालक आणि आमच्या शाळा समितीचे सभासद. माणूस वाईट नव्हता, पण आपलं म्हणणं खरं ठरेपर्यंत खुर्ची सोडत नसे. त्यांची मुलगी सुमन जानकीच्या बाकावर बसे. शनिवारी शाळा सुटताना तिनं ते पुस्तक जानकीकडून मागून घेतलं, म्हणजे जानकीला ते वाचायलाही मिळालं नव्हतं. रविवारी ते अप्पासाहेबांच्या हाती लागलं. त्यात म्हणे एक सून सासर सोडून निघून जाते. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या हातात असली पुस्तकं देणारी ही शाळा की काय? त्यांच्या तीन मागण्या होत्या. पुस्तक फाडून टाकावं, मुलींना पुस्तकं देणं बंद करावं आणि ज्या मुलीनं हे पुस्तक त्यांच्या घरापर्यंत पोचवलं तिचं नाव काढून टाकावं. "मिठागरावरच्या पोरींना कसली रीतभात?" असंही ते बोलले. माझ्या अंगाची लाही झाली, पण तोंड उघडायची सोय नव्हती. पुस्तकात पुढे काय आहे हे मला कुठे ठाऊक होतं? ते तर अप्पासाहेबांच्या कपाटात कुलूपबंद होतं. सभेतच दाखवीन म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी समितीची सभा ठरली. त्याच सभेत माझ्या नोकरीचं कायम होणंही यायचं होतं. म्हणजे एकाच टेबलावर जानकीचं मॅट्रिक आणि माझी भाकरी. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही, हे सांगायला आता लाज कसली?

सभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात जानकी आणि तिचा बाप येऊन बसले होते. धाकू म्हात्रे. उंच, उन्हानं रापलेला, पायांना मिठानं भेगा पडलेल्या. अंगात धुतलेला सदरा घातलेला, तो त्याला सवयीचा नसावा. मला बघून उठला. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर तोच म्हणाला,

"बाई, मी आंगठ्यावाला मानूस. पुस्तकान काय लिवलंय, मना ठावं नाय. पोरीला इचारलं, तर ती बोलली, पुस्तकावर बाईंची सई हाय. तुमची सई हाय ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग झाला. बाईंनी वाचल्याबिगर सई केली नसंल."

जानकी माझ्याकडे बघत होती. मी आत गेले. ती दहा पावलं मला अजून आठवतात.

आत टेबलाच्या मध्यभागी हेडमास्तर, एका बाजूला अप्पासाहेब आणि समितीचे आणखी दोन सभासद, दुसऱ्या बाजूला शास्त्री सर आणि मी. अप्पासाहेबांनी पिशवीतून कादंबरी काढून टेबलावर आपटली. म्हणाले, "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे मी. वाचताना शरम वाटत होती."

मी पुस्तकाकडे बघितलं. पहिल्या सोळा पानांच्या कडा माझ्या आकड्यानं वेड्यावाकड्या फाटलेल्या. त्यापुढची सगळी पानं घडीत बंद. एकही कापलेली नाही.

क्षणभर मला काहीच समजेना. मग सगळंच समजलं. अप्पासाहेबांनी तीच सोळा पानं वाचली होती जी मी वाचली होती, आणि सुरुवातीच्या प्रकरणांच्या यादीत "उंबरठ्याबाहेर" असं एक नाव होतं, त्यावरून उरलेली कादंबरी मनानं रचली होती. मीही तेच केलं होतं. त्यांनी वाईट रचली, मी चांगली रचली, एवढाच फरक. त्यांचं खोटं मी एका बोटानं दाखवू शकत होते. पण ते बोट दाखवलं की माझंही उघडं पडत होतं, कारण त्याच पुस्तकावर माझी सही होती. आणि मी गप्प राहिले तर? तर पुस्तक फाडलं जाईल, जानकी घरी जाईल, आणि मी बहुधा कायम होईन. "बाईंना ताकीद देऊ" एवढ्यावर मिटलं असतं. तसं मिटवायला सगळे तयारच बसले होते.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, शेरा तुमचा आहे. तुमचं काय म्हणणं?"

खोटं सांगणार नाही, पहिला विचार गप्प राहण्याचाच आला. दुसरा विचार आला तो बाहेर बसलेल्या धुतलेल्या सदऱ्याचा.

"सर," मी म्हटलं, "हे पुस्तक मी वाचलेलं नाही."

शास्त्री सरांनी चष्मा काढला. हेडमास्तरांचा चेहरा असा झाला की तो बघण्यापेक्षा मला नोकरी गेलेली चालली असती.

"तपासणी जवळ आली होती म्हणून न वाचता सही केली. पहिली सोळा पानं तेवढी वाचली. त्यापुढचं मी वाचलं नाही, जानकीनं वाचलं नाही, आणि अप्पासाहेबांनीही वाचलेलं नाही. वाचणार कसं? पानं कापलेलीच नाहीत."

हेडमास्तरांनी पुस्तक उचललं. कडेवरून अंगठा फिरवला. मग ते अप्पासाहेबांपुढे ठेवून अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "अप्पासाहेब, आक्षेपार्ह पान कुठलं, ते जरा दाखवता का?"

अप्पासाहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, दोन घड्यांमध्ये डोकावून बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "घरी चष्मा सापडत नव्हता," ते पुटपुटले. शास्त्री सरांना जोराचा खोकला आला. तो खोकला नव्हता हे मी शपथेवर सांगेन.

मला वाटलं, आता सभा संपली. पण हेडमास्तर वेगळाच माणूस. त्यांनी गणूला हाक मारून बांबूची कामटी मागवली, म्हणाले, "इथे या पुस्तकावर निकाल द्यायला सहा जण बसलो आहोत आणि एकानंही ते वाचलेलं नाही, मीसुद्धा नाही. निदान शेवट तरी वाचू," आणि स्वतः पानं कापायला बसले. सगळे त्या कामटीचा सर्र सर्र आवाज ऐकत होते. मग त्यांनी शेवटची दोन प्रकरणं मोठ्यानं वाचली. त्या सुनेनं आता विहीर जवळ केली, की दुसरं लग्न केलं, की सासूला विष घातलं? जानकीचं शिक्षण एका अशा बाईच्या हाती होतं, जी कधी जन्मालाच आली नव्हती.

ती परत आली. माहेरी चार महिने राहून तिला पश्चात्ताप झाला, सासूलाही झाला, नवऱ्याला तर सगळ्यात जास्त झाला. शेवटच्या पानावर ती उंबरठ्यावरचं माप पुन्हा ओलांडून आत येते आणि सासू तिला पोटाशी धरते. वाचन संपलं तेव्हा अप्पासाहेब उपरण्यानं डोळे पुसत होते.

"चांगलं आहे हो पुस्तक," ते म्हणाले. "फार चांगलं आहे. आमच्या सुमनला वाचायला द्या."

शेवट उद्बोधक होता. अगदी मी लिहिला तसाच. इतका उद्बोधक की मला मराठीची शिक्षिका म्हणून तो सहन होईना, आणि त्या क्षणी मी त्या लेखकाचे पायही धरले असते. तक्रार मागे घेतली गेली. नाव काढायची गोष्ट कुणी पुन्हा काढली नाही. मी बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर, चांगली शिक्षिका असून, सरळ बसले. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं आहे.

"झालं," मी धाकूला म्हटलं. "जानकी शाळेत राहणार."

तो हसला. "मी बोललो व्हतो ना? तुमची सई हाय ती."

त्याला खरं सांगायला हवं होतं. आत पाच जणांपुढे सांगितलं, आणि बाहेर ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नाही. त्याचा तो विश्वास मोडवेना, असं मी स्वतःला समजावत आले. खरं म्हणजे धीर झाला नाही. एवढी एक गोष्ट मनात राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो वाचलाच नाही. तेवढाच एक कागद त्यांनी न वाचता बाजूला ठेवला असेल. त्यांनी ती लांबलचक वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "न वाचलेली किती?" मी अकरा म्हटलं. "सुट्टीत वाचा. शेरे खोडू नका. खाली नवे लिहा." माझं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. स्वस्तात सुटले, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. त्या उन्हाळ्यात मी अकराही पुस्तकं कामटी हातात घेऊन वाचली. दोन वाईट निघाली, एक इतकं चांगलं निघालं की ते न वाचता सही केल्याची सगळ्यात जास्त लाज मला त्याच्यापुढे वाटली.

आणखी एक गोष्ट हेडमास्तरांनी केली. वहीत पट्टी धरून चौथा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, "विद्यार्थ्याचा शेरा". म्हणाले, "ज्यांच्यासाठी निवडतो त्यांना आजवर विचारलंच नाही आपण. तुमची ती मिठाची मुलगी आहे ना, तिच्यापासून सुरुवात करा."

परीक्षा झाल्यावर जानकी ती कादंबरी घेऊन गेली, आणि पुढच्या शनिवारी, कागदात गुंडाळून, परत घेऊन आली. मी वही पुढे केली, दौत सरकवली. तिनं माझा शेरा आधी वाचला. "कौटुंबिक जीवनाचे हृद्य चित्रण. शेवट उद्बोधक आहे." मी खिडकीबाहेर बघू लागले. तिनं टाक दौतीत बुडवला. मग खाली वाकून, हळूहळू, शुद्धलेखनाच्या तासाला लिहावं तसं तिनं लिहिलं. पुढे ती मॅट्रिक झाली, ट्रेनिंग कॉलेजात गेली, खाडीपलीकडच्या एका शाळेत मास्तरीण झाली. पण मला ती आठवते ती त्या वहीवर वाकलेली. निवृत्त होताना मी ती वही मागून घेतली, कोणी हरकत घेतली नाही. चौथ्या रकान्यातली पहिली ओळ अशी आहे:

"वाचले. शेवट पटला नाही. मुलींना देण्यास हरकत नाही. – जानकी धाकू म्हात्रे."

त्याखाली माझी सही आहे. ती मी दोनदा वाचून केली.